चिठ्ठी काढली, पण डबा गेला का? रेडिसची लिस्ट वापरायची कशी

आमच्या आत्याचं पोळी-भाजी केंद्र बडोद्यात दांडिया बाजारात आहे. रोज संध्याकाळी साठेक डबे जातात. कुणाला पोळ्या आणि वांग्याची भाजी, कुणाला खिचडी-कढी, गुरुवारी बऱ्याच जणांना उपासाचं. पूर्वी फोन वाजला की आत्या पाठकोऱ्या कागदावर ऑर्डर लिहायची आणि ओट्याशेजारच्या लाकडी ठोकळ्यावर उभा ठोकलेला खिळा असायचा, त्यात चिठ्ठी खोचायची. डबे भरायला घेतले की सगळ्यात वरची चिठ्ठी आधी हातात यायची. म्हणजे साडेआठला फोन करणाऱ्याचा डबा पहिला आणि साडेसहाला सांगून ठेवलेल्याची चिठ्ठी तळाशी! मग आत्या सगळा गठ्ठा खिळ्यावरून काढायची, उलटा करायची आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजायचा.

त्या खिळ्याच्या जागी मी रेडिस या डेटाबेसची लिस्ट आणली. आता ऑर्डर एका साध्या वेबपानावरून येते, लिस्टमध्ये जाते, आणि ओट्याजवळचा छोटा थर्मल प्रिंटर चिठ्ठी छापतो. हे करताना जे शिकले ते सगळं इथे लिहिते आहे, कारण लिस्ट वापरायला फार सोपी वाटते आणि पहिल्याच पावसाळ्यात मला तिने मोठा धडा दिला. त्याबद्दल पुढे सांगते.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या आणि सगळे आकडे रोमन लिपीत टाइप करायचे. लिस्टची नावं मात्र खुशाल मराठीत द्या. रेडिस की-व्हॅल्यू डेटाबेस आहे: प्रत्येक गोष्टीला एक नाव (की), त्या नावाखाली एक किंमत (व्हॅल्यू, म्हणजे साठवलेली माहिती). नाव असो वा किंमत, रेडिसच्या लेखी ते नुसते बाइट असतात, त्यामुळे ‘ऑर्डर’ हे नाव जसंच्या तसं चालतं. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. रेडिस-सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधून रेडिसला आज्ञा द्यायचा प्रोग्राम, उघडताना दोन आडव्या रेघा आणि रॉ हा पर्याय द्या, नाहीतर मराठी अक्षरांऐवजी एक्सवाल्या सांकेतिक आकड्यांची माळ दिसते. आणि नावात ‘ऱ’ टाळा. तो दोन प्रकारे साठवला जातो, एकाच अक्षराच्या रूपात किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही सारखे, रेडिसला दोन वेगळी नावं. ‘दुसऱ्या-फेरीच्या-ऑर्डर’ असं नाव ठेवून मी एक दुपार घालवली आहे.

आता लिस्ट. एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या अनेक किमती, आणि त्या ओळीला दोन टोकं: डावं आणि उजवं. डावीकडे टाकायला एलपुश, उजवीकडे टाकायला आरपुश. डावीकडून काढायला एलपॉप, उजवीकडून काढायला आरपॉप. हे बघा:

आरपुश ऑर्डर १०१
आरपुश ऑर्डर १०२
आरपुश ऑर्डर १०३
एलरेंज ऑर्डर ० -१

शेवटची आज्ञा सगळी ओळ दाखवते: १०१, १०२, १०३. मोजणी शून्यापासून आहे आणि उणे एक म्हणजे शेवटचा घटक, उणे दोन म्हणजे शेवटून दुसरा. एलरेंजमध्ये दोन्ही टोकांचे घटक धरले जातात, त्यामुळे ‘० ९’ मागितलं तर दहा मिळतात. प्रत्येक पुश उत्तरादाखल लिस्टची नवी लांबी सांगतो. ती फेकून देऊ नका. आमच्या वेबपानावर ‘तुमच्या आधी इतके डबे आहेत’ ही ओळ त्याच आकड्यातून एक वजा करून येते.

लिस्ट आधी तयार करावी लागत नाही. पहिला पुश केला की ती जन्माला येते, शेवटचा घटक काढला की नावासकट नाहीशी होते. नसलेल्या लिस्टची लांबी एललेनने विचारली तर त्रुटी येत नाही, शून्य येतो. मात्र त्याच नावाखाली आधीच साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता एक मजकूर, ठेवलेली असेल तर पुश करताना ‘चुकीचा प्रकार’ अशी त्रुटी मिळते आणि आतलं काही बिघडत नाही.

आता खिळा आठवा. एलपुशने टाकलं आणि एलपॉपने काढलं तर लिस्ट आत्याच्या खिळ्यासारखी वागते, शेवटचा आलेला पहिला बाहेर. आरपुशने टाकलं आणि एलपॉपने काढलं तर रांग होते, खंडेराव मार्केटात वजनकाट्यापाशी लागते तशी, आधी आला त्याचं आधी. लिस्ट तीच. रांग की खिळा, हे तुम्ही कुठल्या टोकाला टाकता आणि कुठून काढता त्यावर ठरतं. म्हणून कोड लिहिण्याआधी एका कागदावर ओळ काढा, आत जायचा बाण एका टोकाला आणि बाहेर यायचा बाण दुसऱ्या टोकाला काढा, आणि तो कागद भिंतीवर लावा. डावं-उजवं डोक्यात ठेवायचं म्हटलं की महिन्याभराने गोंधळ होतोच.

एकाच एलपुशमध्ये अनेक घटक दिले तर ते एकेक करून डावीकडे ढकलले जातात. ‘एलपुश यादी क ख ग’ केल्यावर ओळ ग, ख, क अशी दिसते. नवीन माणूस इथे हमखास अडखळतो.

टोकांवरच इतका भर का, हे कळायला लिस्ट आतून कशी आहे ते पाहावं लागेल. बडोदा स्टेशनावर उभी असलेली लांब मालगाडी डोळ्यांपुढे आणा. डबे एकमेकांना जोडलेले, आणि प्रत्येक डब्यात माल दाटीवाटीने भरलेला. रेडिसमध्ये या गाडीला क्विकलिस्ट म्हणतात, ती ३.२ आवृत्तीपासून आहे. आतल्या प्रत्येक डब्याला पूर्वी झिपलिस्ट म्हणायचे, ७.० पासून लिस्टपॅक म्हणतात, आणि मूळ सेटिंगनुसार एक डबा साधारण ८ किलोबाइटपर्यंत भरला की पुढचा जोडला जातो. पुढे किंवा मागे माल चढवायला गाडी कितीही लांब असली तरी तेवढाच वेळ लागतो. पण ‘पाच हजाराव्या जागेवर काय आहे?’ असं एलइंडेक्सने विचारलं, तर जवळच्या टोकापासून डबे मोजत जावं लागतं. एलइन्सर्टने मध्येच घुसवणं, एलरेमने शोधून काढणं, एलपॉसने जागा विचारणं, या सगळ्याचा खर्च लांबीप्रमाणे वाढतो. आमच्या चाळीस चिठ्ठ्यांना त्याने काही फरक पडत नाही. लाखभर घटकांच्या लिस्टवर दर सेकंदाला असं करत बसलात तर बाकीचे सगळे ताटकळतात, कारण रेडिस आज्ञा एकामागोमाग एकच चालवतो. एका लिस्टमध्ये चार अब्जांहून थोडे जास्त घटक मावतात, पण तो आकडा पाहून मोठ्या लिस्टच्या मधोमध हात घालायची सवय लावून घेऊ नका.

तुमची लिस्ट आतून कशी आहे हे ‘ऑब्जेक्ट एन्कोडिंग ऑर्डर’ विचारून कळतं. ७.२ पासून छोटी लिस्ट नुसती लिस्टपॅक असते, म्हणजे एकच डबा, गाडी नाहीच. वाढली की क्विकलिस्ट.

हा प्रकार रेडिसमध्ये पहिल्यापासून आहे, आणि त्याला कारण आहे. साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीच्या प्रोग्रामरला वेबसाइटवर येणाऱ्यांची ताजी नोंद दाखवणारी सेवा चालवायची होती. प्रत्येक साइटची शेवटची काही पानं लक्षात ठेवायची, नवं आलं की सगळ्यात जुनं टाकून द्यायचं. नेहमीच्या डेटाबेसवर ते जड जात होतं, म्हणून त्याने २००९ मध्ये रेडिस लिहिला. ‘ताजे इतकेच ठेव’ हे काम आजही एलपुश आणि एलट्रिमच्या जोडीने होतं. आत्याला रात्री ‘शेवटचे पन्नास डबे कुणाचे गेले?’ हे बघायचं असतं, त्यासाठी मी हे करते:

मल्टी
एलपुश झालेल्या १०१
एलट्रिम झालेल्या ० ४९
एक्झेक

एलट्रिम जे सांगाल तेवढं ठेवतो आणि उरलेलं कापतो. नाव ऐकून उलट वाटतं, काय कापायचं ते सांगायचं असं. मीही आधी तसंच समजले होते, तेव्हा चाचणी आधी वेगळ्या नावाच्या लिस्टवर करा. मल्टी आणि एक्झेकमध्ये घातलेल्या आज्ञा सलग चालतात, मध्ये दुसऱ्या कुणाची आज्ञा शिरत नाही.

आणखी एक सल्ला: लिस्टमध्ये पूर्ण ऑर्डर कोंबू नका, फक्त क्रमांक ठेवा. तपशील हॅशमध्ये, म्हणजे एका नावाखाली अनेक रकाने ठेवणाऱ्या प्रकारात. नवा क्रमांक इन्कर आज्ञेने घ्यायचा, ती दोघांना कधीच एक आकडा देत नाही. मग एचसेटने ‘ऑर्डर:१०१’ खाली नाव, पत्ता, पोळ्या किती ते लिहायचं, आणि त्यानंतरच आरपुश. क्रम उलटा केलात तर प्रिंटरच्या हाती असा क्रमांक पडू शकतो ज्याचा तपशील अजून लिहिलेलाच नाही. त्या हॅशला दोन दिवसांची एक्सपायर मुदत लावून टाका म्हणजे जुनं आपोआप जातं.

आता वाट पाहण्याची गोष्ट. प्रिंटरचा प्रोग्राम ‘आहे का काही?’ असं दर सेकंदाला एलपॉपने विचारत बसला तर बहुतेक वेळा रिकामं उत्तर मिळतं. त्यासाठी बीएलपॉप आहे. लिस्ट रिकामी असेल तर तो थांबून राहतो आणि काही आलं की त्याच क्षणी घेतो. शेवटी सेकंद द्यायचे, शून्य दिले तर अनंतकाळ थांबतो. थांबतं ते फक्त तुमचं कनेक्शन, बाकी सर्व्हर मोकळा. म्हणून थांबणारं कनेक्शन वेगळं ठेवा, त्याच्यावरून दुसरं काम होणार नाही. एकाच लिस्टवर अनेक जण थांबलेले असतील तर सगळ्यात जास्त वेळ थांबलेल्याला पहिला घटक मिळतो. आणि तुमचा प्रोग्राम ज्या लायब्ररीतून रेडिसशी बोलतो तिच्यात सॉकेटची कालमर्यादा, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती, ठरलेली असेल तर ती इथल्या सेकंदांपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर निष्कारण तुटत राहतं.

मी बीएलपॉप लावला. मार्चमध्ये लावला, जूनपर्यंत उत्तम चाललं.

जुलैतल्या एका रात्री धो-धो पाऊस, नेहमीपेक्षा जास्त ऑर्डर. साडेनऊला आत्याचा फोन. ‘अगं, सयाजी हॉस्पिटलमधून एका मुलाचा फोन आलाय, आईजवळ बसलाय, डबा आला नाही म्हणतो. त्याची चिठ्ठीच नाही माझ्याकडे.’ पाठोपाठ फतेगंजच्या होस्टेलमधून दोन मुलींचा फोन. डबे पोचवणारा मुलगा दारात भिजत उभा, विचारतोय, ‘काकी, हवे केटला बाकी छे?’ (आता किती बाकी आहेत?) आणि आत्याकडे उत्तर नाही. तिने आम्हा घरच्यांसाठी ठेवलेल्या पोळ्या बांधल्या, पिठलं टाकलं आणि त्याला पुन्हा पाठवलं.

रात्री लॉग उघडून पाहिला. प्रिंटरचा कागदाचा रोल संपला होता. प्रोग्रामने बीएलपॉपने क्रमांक काढला, छापायला गेला, कागद नाही म्हणून त्रुटी आली आणि प्रोग्राम मेला. मेला की आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोय मीच केली होती. सुरू झाला, पुढचा क्रमांक काढला, पुन्हा मेला. आत्याने रोल बदलेपर्यंत त्याने चार ऑर्डर गिळल्या. रेडिसचं काही चुकलं नव्हतं. पॉप म्हणजे काढणं, आणि काढल्यावर तो घटक फक्त माझ्या प्रोग्रामच्या स्मृतीत होता. प्रोग्राम गेला, ऑर्डर गेली.

याला उपाय लिस्टमध्येच आहे. एका लिस्टमधून काढून त्याच झटक्यात दुसऱ्या लिस्टमध्ये ठेवणारी आज्ञा म्हणजे एलमूव्ह, आणि थांबून राहणारी बीएलमूव्ह. दोन्ही ६.२ पासून आहेत. जुन्या लेखांत आरपॉपएलपुश दिसेल, तिचं काम आता हीच करते. माझा प्रोग्राम आता असा चालतो:

बीएलमूव्ह ऑर्डर छपाई लेफ्ट राइट ५

म्हणजे ‘ऑर्डर’च्या डाव्या टोकाचा क्रमांक उचल आणि ‘छपाई’च्या उजव्या टोकाला ठेव, काही नसेल तर पाच सेकंद थांब. काढणं आणि ठेवणं यांच्यामध्ये फट नाही, क्रमांक कायम कुठल्या ना कुठल्या लिस्टमध्ये असतो. मग हॅशमधून तपशील वाचायचा, चिठ्ठी छापायची, प्रिंटरकडून कागद नीट बाहेर आल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच:

एलरेम छपाई १ १०१

इथला ‘१’ म्हणजे डावीकडून शोधत पहिला सापडेल तो एकच काढ. एलरेम किंमत जुळवून काढतो, म्हणूनच प्रत्येक क्रमांक वेगळा हवा. ‘३ पोळ्या, वांगं’ असा मजकूरच लिस्टमध्ये ठेवला असता तर दोन सारख्या ऑर्डरींत फरक राहिला नसता. वर दिलेली ‘झालेल्या’ची एलपुश-एलट्रिम जोडी मी या एलरेमबरोबर एकाच मल्टीत घालते.

प्रोग्राम सुरू होताना पहिलं काम म्हणजे ‘छपाई’ बघायची. तिथे काही उरलं असेल तर ते अर्धवट राहिलेलं आहे. ते परत पाठवायला:

एलमूव्ह छपाई ऑर्डर राइट लेफ्ट

रिकामं उत्तर येईपर्यंत हीच आज्ञा पुन्हा पुन्हा. ‘छपाई’च्या उजवीकडून उचलून ‘ऑर्डर’च्या डावीकडे ठेवलं की जुना क्रम जसाच्या तसा लागतो, सगळ्यात आधीची ऑर्डर पुन्हा सगळ्यात पुढे. पाच सेकंदांची मर्यादा मी मुद्दाम ठेवली आहे. दर पाच सेकंदांनी प्रोग्रामला प्रिंटरची चौकशी करायला सवड मिळते, आणि कागद नसेल तर तो पुढचा क्रमांक उचलतच नाही, ओट्यावरचा लाल दिवा लावतो.

याची किंमत आहे, ती आधी समजून घ्या. छापून झालं आणि एलरेम चालायच्या आत वीज गेली, तर तीच चिठ्ठी पुन्हा छापली जाईल. म्हणून चिठ्ठीवर क्रमांक मोठ्या अक्षरांत आहे, आणि आत्या एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या दिसल्या की एक फाडते. डबा दोनदा भरला जाणं परवडतं. कुणी उपाशी राहणं मला परवडत नाही.

दवाखान्यातल्या डब्यांना आत्या आधी पाठवते. बीएलपॉपला एकापेक्षा जास्त लिस्ट देता येतात आणि तो आधी लिहिलेली लिस्ट आधी तपासतो, त्यामुळे ‘तातडीच्या’ आणि ‘ऑर्डर’ अशा दोन लिस्ट सहज झाल्या असत्या. पण बीएलमूव्ह एकाच लिस्टमधून उचलतो. मी सुरक्षितता सोडायला तयार नव्हते, म्हणून दवाखान्याची ऑर्डर आरपुशऐवजी एलपुशने टाकते. बाहेर पडायचं टोक डावं, त्यामुळे ती थेट पुढे येते. दोन तातडीच्या ऑर्डर लागोपाठ आल्या तर त्यांचा आपसातला क्रम उलटा होतो. आमच्याकडे दिवसाला दोन-तीनच असतात, चालतं. तुमच्याकडे प्राधान्याचे पाच स्तर असतील तर लिस्टचा हट्ट सोडून सॉर्टेड सेट घ्या, त्यात प्रत्येक घटकाला गुण देऊन त्याप्रमाणे क्रम लागतो. एकच नोंद अनेक गटांनी वाचायची असेल आणि जुना इतिहासही हवा असेल तर ५.० पासून आलेला स्ट्रीम हा प्रकार बघा.

बडोद्याच्या पावसात वीज जातेच, आणि रेडिस सगळं मेमरीत ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये तो अधूनमधून डिस्कवर छायाचित्र घेतो, म्हणजे त्या घडीची पूर्ण प्रत ठेवतो, दोन छायाचित्रांमधलं जाऊ शकतं. सेटिंगच्या फाइलमध्ये अपेंडओन्ली (प्रत्येक बदल फाइलीत लिहीत जाणं) चालू करा आणि अपेंडएफसिंक ‘दर सेकंदाला’वर ठेवा. मग वीज गेली तर साधारण शेवटच्या सेकंदाभरातलंच जातं. ऑर्डर आल्यावर ग्राहकाला क्रमांक दिसतो, त्यामुळे तेवढं फोनवर निस्तरता येतं.

आवृत्त्यांचं एक सांगून ठेवते. २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलला तेव्हा रेडिसच्याच कोडवरून वाल्की नावाची वेगळी शाखा लिनक्स फाउंडेशनखाली निघाली. इथल्या सगळ्या आज्ञा दोन्हीकडे सारख्याच चालतात.

लावून झाल्यावर एक चाचणी ओट्यापाशी उभं राहून करा. प्रिंटरची कागदाची चौकशी तात्पुरती बंद ठेवा, रोल बाहेर काढा, वेबपानावरून तीन ऑर्डर टाका. प्रोग्राम पहिला क्रमांक उचलेल, छापताना पडेल, पुन्हा उठेल, तोच परत पाठवून पुन्हा उचलेल. टर्मिनलमध्ये ‘एलरेंज ऑर्डर ० -१’ आणि ‘एलरेंज छपाई ० -१’ एकाच मल्टी-एक्झेकमध्ये घालून पुन्हा पुन्हा बघा. दोन्ही मिळून तीनच क्रमांक दिसायला हवेत, प्रत्येक वेळी. मग रोल घाला. तीन चिठ्ठ्या टाकल्या त्याच क्रमाने बाहेर आल्या, आणि ‘एललेन छपाई’ने शून्य सांगितलं, की चौकशी पुन्हा चालू करा आणि कणीक भिजवायला सांगा.